मैथिलीचा आलेख

मिरजेच्या कमळाई रुग्णालयात, क्षार विभागाच्या पाच नंबरच्या खाटेवर डॉ. शशिकांत उगारे यांना आणून निजवलं, तेव्हा हेमांगी खोतला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला औषधांच्या खोलीत जावं लागलं.

कुणी आजारी पडलं म्हणून आनंद व्हावा, हे काही चांगलं नाही. रुग्णालयात नोकरी करणाऱ्या बाईला तर ते मुळीच शोभत नाही. पण बारा वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो माणूस एके सकाळी पाय लुळे पडून आपल्याच हाताखाली येतो, तेव्हा शोभेचा विचार कोण करत बसतो? हेमांगीनं तोंडावर पाणी मारलं, केस सारखे केले आणि ती बाहेर आली.

"सिस्टर, अहो, उशी जरा वर करा," उगारे म्हणाले. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. त्यांच्या दवाखान्यात रोज शंभर माणसं यायची. त्यातल्या एका रडणाऱ्या मुलीचा चेहरा ते कशाला लक्षात ठेवतील?

हेमांगी सिस्टर नव्हती, क्षारतंत्रज्ञ होती. तिनं उशी वर केली, त्यांच्या दंडावर पट्टी चिकटवली आणि पडद्यावर आकडा यायची वाट पाहिली. दोन पूर्णांक चार. अगदी हवा तसा आकडा होता.

पोटॅशियम ही तशी साधी गोष्ट. केळ्यात असते, शहाळ्यात असते, बटाट्यात असते. शरीरातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत राहतं, रक्तात असतं ते चिमूटभर. पण स्नायू हलतो आणि हृदय ठोके देतं, ते आतल्या आणि बाहेरच्या या फरकाच्या जोरावर. रक्तातला आकडा साडेतीन ते पाचच्या दरम्यान असला की सगळं ठीक. तीनच्या खाली पाय जड होतात, पोटऱ्यांत पेटके येतात. अडीचच्या खाली हृदय केव्हा ताल सोडेल याचा नेम नसतो. बरं, कमी पडलंय म्हणून घाईघाईनं ओतावं, तर जास्तीच्या पोटॅशियमनंही हृदय बंद पडतं. म्हणून पूर्वी दर काही तासांनी रक्त काढायचं, प्रयोगशाळेच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि अंदाजानं द्यायचं, असा मामला होता. आता पट्टीच्या केसाहून बारीक सुया त्वचेखालच्या द्रवातून मिनिटामिनिटाला आकडा वाचतात आणि खाटेशेजारचा पंप त्याप्रमाणे थेंब सोडतो. पट्टी आल्यापासून केवळ क्षार उतरला म्हणून माणूस दगावणं जिल्ह्यात जवळपास थांबलं होतं.

मैथिली पट्टी येण्याच्या पाच वर्षं आधी गेली.

ती हेमांगीची धाकटी बहीण. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ताईच तिची आई. लग्न ठरलं आणि घरोघरची केळवणं सुरू झाली. आत्याकडे श्रीखंड-पुरी, मावशीकडे बासुंदी, शेजारच्या काकूंकडे जिलेबी. पोरगी ताटावर आडवा हात धरायची आणि वाढणारी बोटांच्या फटीतून वाढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मैथिलीला पलंगावरून उठता यायचं नाही. दुपारपर्यंत पाय आपोआप ताळ्यावर यायचे, म्हणून पहिल्या दोन वेळा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वेळी गल्लीतल्या डॉक्टरनं ग्लुकोजची एक बाटली लावली, तेवढंच. तिसऱ्या केळवणानंतर मात्र हेमांगी तिला रिक्षात घालून उगारेंच्या दवाखान्यात घेऊन गेली.

उगारे हसले होते. "लग्न ठरलं की मुलींचे पाय असेच गळतात. नवरा पसंत आहे ना?"

त्यांनी रक्त तपासलं नाही. हृदयाचा आलेख काढला, कारण ईसीजीचं यंत्र नवीन होतं आणि आल्यागेल्या प्रत्येकाचा आलेख निघत होता. त्यावर 'नॉर्मल' असं लिहिलं. मग ग्लुकोजची बाटली लागली. दीड तासानं मैथिलीचं हृदय थांबलं, तेव्हा बाटलीत बोटभर पाणी शिल्लक होतं.

तिला थायरॉइडचा विकार होता. अशा शरीरात गोडधोड गेलं की इन्शुलिन उसळतं आणि साखरेबरोबर रक्तातलं पोटॅशियमही पेशींत ढकलतं. ते कुठे वाया जात नाही, स्नायूंच्या आत दडून बसतं आणि रक्त कोरडं पडतं. त्यावर ग्लुकोजची बाटली लावायची म्हणजे चौथं केळवण थेट शिरेतून घालायचं. पण आपल्याकडे अशक्त माणसाला बाटली लागली की घरचे निर्धास्त होतात, आणि घरच्यांना हवी असते म्हणून डॉक्टरही लावतात.

हेमांगी तेव्हा वडिलांच्या, आप्पांच्या दुकानात झेरॉक्स काढायची. बहीण गेल्यावर तिनं पोटॅशियम शिकायला घेतलं. रोग्यांची सेवा वगैरे तिच्या मनात नव्हती. उगारेंना एक दिवस त्यांच्याच भाषेत जाब विचारायचा होता. डूख धरून केलेला अभ्यास फार पक्का होतो.

तो दिवस जवळ आणला आलेख-वाचकानं.

पट्टीमुळे लाखो माणसांचा पोटॅशियमचा आकडा आणि त्याच क्षणीचा हृदयाचा आलेख, अशा जोड्या जमत गेल्या. पोटॅशियम उतरलं की आलेखातली एक टेकडी सपाट होते आणि तिच्या पाठीमागे छोटा उंचवटा डोकं वर काढतो, हे डॉक्टरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण माणसाच्या डोळ्याला ते ढोबळ दिसतं. यंत्र त्या जोड्यांवरून दशांशापर्यंत आकडा सांगायला शिकलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कागद कालचा आहे की वीस वर्षांपूर्वीचा, याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही. मेलेल्या माणसाच्या रक्तात शेवटच्या दिवशी काय होतं, ते आता वाचता येत होतं.

लोकांनी ट्रंका उघडल्या. बायकोचे, मुलाचे, आईचे पिवळे पडलेले आलेख घेऊन कमळाईच्या तळमजल्यावर रांगा लागल्या. काही डॉक्टर उगाच बदनाम झाले होते, ते सुटले. काही देवमाणसं म्हणून मिरवत होते, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सरकारनं कायदा केला: सगळ्या दवाखान्यांनी जुन्या फायली वाचन-केंद्रात जमा कराव्यात आणि वाचन-प्रमाणपत्र डॉक्टरच्या नावासकट जाहीर नोंदीत जावं. उगारेंकडून सगळ्या वर्षांच्या पेट्या आल्या. मैथिली गेली त्या एकतीस सालची आली नाही. 'पावसाच्या पाण्यात खराब झाली,' एवढं लिहून आलं.

घरची प्रत होती, तिचं आणखी वाईट झालं होतं. आप्पांचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. ईसीजीचा कागद उष्णतेनं काळा पडतो. 'हा तापवू नका, आधी झेरॉक्स घ्या,' असं आप्पांनी हजार गिऱ्हाइकांना बजावलं असेल. तेरावं झाल्यावर दुकान उघडलं, त्या दिवशी त्यांनी मैथिलीचा आलेख जपून ठेवायचा म्हणून प्लास्टिकमध्ये घातला आणि यंत्रात सरकवला. पलीकडून काळी पाटी बाहेर आली. आलेख-वाचक आल्यापासून गेली चार वर्षं हेमांगीनं त्यांना ते विसरू दिलं नव्हतं. आमटी आळणी झालीय असं आप्पा म्हणाले, की ती म्हणायची, "पुरावा जाळणाऱ्यानं मीठ मागू नये." आप्पा खाली मान घालून तशीच आमटी संपवायचे.

तर उगारे पाच नंबरवर होते आणि त्यांचा आकडा चढत नव्हता.

पंप दिवसभर पोटॅशियम सोडायचा. संध्याकाळपर्यंत दोन पूर्णांक आठ व्हायचं, सकाळी पुन्हा दोन पूर्णांक चार. मॅग्नेशियम कमी असलं तर पोटॅशियम टिकत नाही, म्हणून तेही भरून काढलं होतं. विभागाच्या तरुण डॉक्टर नफीसा मुल्ला चक्रावून गेल्या. मूत्रपिंडं गळत असावीत, त्यांच्या वरच्या ग्रंथीत गाठ असावी, असं धरून त्यांनी मोठ्या तपासण्या लिहिल्या आणि लघवीतलं पोटॅशियमही मोजायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता लघवीचा अहवाल हेमांगीच्या टेबलावर आला. आकडा होता अकरा.

तिनं तो एकदाच वाचला. मूत्रपिंडं गळत असती, तर लघवीत पोटॅशियमचा पूर सापडला असता. ती बिचारी उलट कणन्‌कण धरून ठेवत होती. म्हणजे गळती पोटातून. पण जुलाब होत नाहीत, असं उगारेंनी डॉक्टर नफीसांना दोनदा ठणकावून सांगितलं होतं आणि उगारेंची बायको रोज संध्याकाळी थर्मास घेऊन येत होती. तो थर्मास हेमांगीनं काल उचलून बाजूला ठेवला होता. सोनामुखीच्या रेचक चूर्णाचा वास तिला चांगला ओळखता येत होता. पोट साफ झाल्याशिवाय दिवस सुरू न होणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात.

अहवाल डॉक्टर नफीसांकडे पाठवायला एक बटण दाबायचं होतं. हेमांगीनं ते दाबलं नाही. ती उठून पाच नंबरपाशी गेली.

"डॉक्टर, मला ओळखलंत?"

"इथल्या सिस्टर ना तुम्ही."

"मैथिली खोतची बहीण. एकतीस साल. पाय गळाले म्हणून आणली होती तुमच्याकडे."

उगारेंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यातला 'तुम्ही' गेला होता. "तुझी बदली करायला लावतो मी."

"लावा. बदलीला दोन दिवस लागतात. तुमचा आकडा आत्ता दोन पूर्णांक तीन आहे, आणि तो का चढत नाही ते या इमारतीत फक्त मला कळलंय."

"मूर्खासारखं बोलू नकोस. पंप चालू आहे."

"बादलीला भोक आहे, वरून नळ सोडून काय होणार? भोक कुठे आहे ते मला सापडलंय. आज चूर— आज सांगितलं, तर परवा तुम्ही चालत घरी जाल." जीभ घसरली होती, पण उगारेंचं लक्ष पडद्यावर होतं. "मला एकतीस सालची पेटी हवी."

"हा गुन्हा आहे. तुला कळतंय का?"

"आहेच गुन्हा. तक्रार लिहा. पेन धरायला हात उचलतोय का, ते आधी बघा."

पडद्यावर एक ठोका वेडावाकडा पडला, पाठोपाठ दुसरा. उगारेंनी तो पाहिला आणि त्यांची पाचावर धारण बसली. बारा वर्षं हेमांगीनं हा चेहरा मनात रंगवला होता. खरा चेहरा त्याहून छान होता आणि तिनं तो डोळे भरून पाहून घेतला.

मग उगारे अचानक हसले. घसा कोरडा पडल्यामुळे त्यातून नुसती हवा आली.

"पेटी पाहिजे? घे. घरी कपाटात आहे. जाळून का टाकली नाही, ते विचार की."

"का?"

"तिच्यात तुझी सही आहे. 'नातेवाइकांच्या आग्रहावरून ग्लुकोज लावण्यात येत आहे.' तुझ्या बहिणीला बाटली नको होती. तू माझ्या टेबलावर हात आपटून मागितलीस. मी बुडालो तर एकटा कशाला बुडू, म्हणून जपून ठेवली. काढ प्रमाणपत्र. पूर्ण फाईल जोडावी लागते आणि बापाची सही लागते. कळू दे म्हाताऱ्याला, पोरगी कुणी मारली."

ते खरं होतं. हेमांगीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःशी बोलतानाही ती 'आम्ही बाटली मागितली' असं म्हणायची. आम्ही म्हणजे कोण, तर ती एकटी. आप्पा त्या वेळी दुकानात होते.

इथे माघार घेता आली असती. अहवाल पाठवायचा, उगारे बरे होऊन जातील, आप्पा त्यांना शिव्या देत सुखानं मरतील आणि तिचं गुपित तिच्यापाशी राहील. तिनं त्याचा विचार केला, नाही असं नाही. पण उगारे अजून हसत होते.

"बायकोला फोन लावा," ती म्हणाली.

पेटीतली फाईल यायला दोन तास लागले. हेमांगी खाटेशेजारीच उभी राहिली. सव्वादोनला आकडा दोन पूर्णांक दोन झाला. अडीचला सलग तीन ठोके आडवेतिडवे पडले, तेव्हा तिनं हृदयाला झटका देणारं यंत्र ओढून जवळ घेतलं, पण अहवाल पाठवला नाही. उगारे छताकडे बघत पुटपुटत होते. मैथिली अशीच छताकडे बघत होती. हेमांगीला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती का, हे तुम्ही ठरवा. तीन वाजता बायको फाईल घेऊन आली. हेमांगीनं आलेख आत असल्याची खात्री केली, अहवाल पाठवला आणि डॉक्टर नफीसांना सांगितलं, "सोनामुखी घेतात रोज. थर्मासमध्ये आहे बघा."

चूर्ण बंद झालं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आकडा तीन पूर्णांक सहावर आला आणि उगारे काठी टेकत खाली उतरले. त्यांनी तक्रार केली नाही. हेमांगी तोंड उघडणार नाही, याची त्यांना खात्री होती.

त्या दुपारी तिनं मैथिलीचा आलेख वाचकात घातला. आकडा आला: दोन पूर्णांक सहा. पोटॅशियमचं औषध नुसतं तोंडानं, थोडं थोडं दिलं असतं, तरी पोरगी संध्याकाळपर्यंत आपल्या पायांनी घरी आली असती. आलेखाखाली केसपेपर होता. त्यावर उगारेंच्याच अक्षरात एक ओळ होती: 'रुग्ण सांगते, मागील बाटलीनंतर त्रास वाढला.' म्हणजे मैथिलीनं त्यांना निदान हातात आणून दिलं होतं आणि त्यांनी ते स्वच्छ अक्षरात लिहून घेऊन बाटली लावली होती. स्वतःची ढाल म्हणून जपलेला कागद त्यांनी पुन्हा कधी वाचलाच नव्हता. या एका ओळीनं उगारे संपत होते. त्याच पानावर, दोन बोटं खाली, हेमांगीची सही होती.

संध्याकाळी ती घरी आली. आप्पा शेंगा निवडत बसले होते. तिनं फाईल त्यांच्यापुढे ठेवली, भिंग दिलं आणि ती उभी राहिली.

आप्पांनी कागद सावकाश वाचले. आयुष्यभर लोकांचे दाखले वाचले होते, त्यांना वरून खाली वाचायची सवय होती. सहीपाशी भिंग थांबलं.

"ही तुझी सही."

"हो."

"बाटली तू लावायला लावलीस?"

"हो, आप्पा. मी."

आप्पांनी पान उलटलं, पुन्हा सुलट केलं. "उगारेचं काय हुईल?"

"नोंदणी रद्द होईल. दवाखान्यावरची पाटी उतरेल. नाव कायमचं जाहीर राहील."

"आणि तुझं?"

"माझंही राहील. सगळी फाईल जोडावी लागते."

"फाडून टाकायची हुतीस की."

"मग तो सुटला असता."

आप्पांनी पेन मागितलं. अर्जावर सही केली, तारीख घातली, कागद एकसारखे करून तिच्या हातात दिले. हेमांगीला हायसं वाटलं. उगारे बुडाले होते, त्यांना बुडवल्याचा तिला तेव्हाही पश्चात्ताप नव्हता आणि पुढेही कधी झाला नाही. ती स्वयंपाकघराकडे वळली.

"चार वर्षं मला त्या काळ्या कागदावरनं बोललीस," आप्पा म्हणाले.

ती थांबली. "हो."

"मी ऐकून घेतलं. म्हटलं, पोरीचं खरं हाय, पुरावा मीच जाळला. रात्री रात्री झोप नाही लागली मला. तुला ठाऊक हुतं, तरी बोलत राहिलीस."

"आप्पा, चुकलं माझं."

"चुकलं म्हणू नको. ते लगेच संपतंय." आप्पांनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता रोज जेवायच्या आधी माझ्यापुढं बसायचं. त्या दिवशी ती काय म्हणाली आणि तू काय म्हणालीस, ते सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही. मी हाय तोवर रोज."

"आप्पा, नका हो."

"बस खाली. आजपासनं."

हेमांगी बसली.

"ती म्हणाली, ताई, बाटली नको. मागल्या वेळी बाटलीनं हातसुद्धा गेले होते माझे."

"मग तू?"

"मी म्हणाले, गप पड. तुला काय कळतंय त्यातलं."